ब्रिटनमधल्या मशिदींचा इतिहास आणि त्यातला भारतीय वाटा

सरेकर:

ब्रिटनमधे मुद्दाम मशीद म्हणून बांधलेली पहिली इमारत भोपाळच्या बेगमेच्या पैशाने उभी राहिली, १८८९ साली, लंडनजवळच्या वोकिंग गावात. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना हे माहीत नसतं, म्हणून हा धागा काढतोय. इथल्या मशिदी म्हटलं की लोकांना वाटतं हा सगळा साठ-सत्तरच्या दशकात पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्यांचा विषय. पण ही गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि तिच्यात मुंबई बंदर येतं, कोकणचे खलाशी येतात, भोपाळ, हैदराबाद, लाहोर सगळं येतं. आपल्याकडे ब्रिटिशांनी काय काय बांधलं हे आपण शाळेपासून शिकतो, पण आपल्या माणसांनी तिकडे जाऊन काय उभं केलं ते कोणीच सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर वोकिंग. लंडन वॉटर्लूहून निघालेली गाडी वोकिंगच्या जवळ आली की रुळांच्या बाजूला झाडीतून एक हिरवा घुमट आणि वर सोनेरी चंद्रकोर दिसते. ती शाहजहान मशीद, आणि रस्त्याचं नाव ओरिएंटल रोड. इमारत इतकी लहान आहे की आत जेमतेम साठेक माणसं मावतात. बांधणारा होता गॉटलीब लाइटनर, जन्म हंगेरीतल्या ज्यू घराण्यात, लाहोरच्या सरकारी कॉलेजचा प्रिन्सिपॉल, पंजाब युनिव्हर्सिटीच्या स्थापनेत मोठा वाटा आणि ढीगभर भाषा येणारा माणूस. हिंदुस्थानातून परत आल्यावर त्याने वोकिंगमधे म्हाताऱ्या नटांसाठी बांधलेली एक रिकामी पडलेली इमारत घेतली आणि तिथे ओरिएंटल इन्स्टिट्यूट काढलं. इथे मशीद, देऊळ, चर्च, सिनेगॉग सगळंच असावं असं त्याच्या मनात होतं, त्यातली मशीद तेवढी पूर्ण झाली. पैसे दिले भोपाळच्या शाहजहान बेगमेने, म्हणून तिचं नाव. शेजारच्या घराला हैदराबादच्या सालारजंगांचं नाव. आर्किटेक्ट विल्यम चेंबर्स. व्हिक्टोरिया राणीच्या पदरी असलेले हिंदुस्थानी नोकर विंडसरहून इथे नमाजाला येत असत.

याच बेगमेने भोपाळमधे ताज-उल-मसाजिद बांधायला घेतली होती, ती मात्र तिच्या हयातीत पुरी झाली नाही, पुढे कितीतरी वर्षं तशीच अर्धवट होती आणि १९८० च्या दशकात जाऊन पूर्ण झाली. म्हणजे तिचं हजारो मैलांवरचं छोटं काम आधी तडीस गेलं.

लाइटनर १८९९ मधे गेला आणि मशीद बंदच पडली. वारसांना जागा विकायची होती. मग १९१२ च्या सुमारास लाहोरचे वकील ख्वाजा कमालुद्दीन आले, त्यांनी खटपट करून ती ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी पुन्हा नमाज सुरू केला. तिथून पुढची तीस-चाळीस वर्षं ब्रिटनमधल्या मुसलमानांचं केंद्र म्हणजे वोकिंगच. ईदला लंडनहून लोक गाडीने यायचे. २०१८ मधे या इमारतीला ग्रेड वन दर्जा मिळाला, म्हणजे वारसा इमारतींमधला सगळ्यात वरचा, आणि हा दर्जा मिळालेली ही देशातली पहिली मशीद.

बाकीच्या मशिदींबद्दल प्रतिसादांमधे लिहीत जाईन, कोणाला माहिती असेल तर भर घाला.

—

मोगरा:

वा! वाचतेय. मी त्या गाडीने कितीतरी वेळा गेलेय पण कधी लक्षच गेलं नाही. पुढच्या भागाची वाट बघतेय.

—

इतिहासवेडा:

चांगला विषय. पण पहिली मशीद कार्डिफची ना? १८६० साली कार्डिफमधे ग्लिनरोंडा स्ट्रीटवर येमेनी खलाशांनी मशीद काढली असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. आणि लिव्हरपूलवाले म्हणतात आमची पहिली. मग वोकिंग पहिली कशी?

—

सरेकर:

@इतिहासवेडा, बरं झालं विचारलंत. कार्डिफ १८६० ही गोष्ट खूप पसरलेली आहे, पण ती प्रार्थनास्थळांच्या जुन्या सरकारी नोंदींतल्या गफलतीतून आलेली आहे आणि संशोधकांनी मूळ कागद तपासून ती खोडून काढलीये. कार्डिफचा इतिहास तसाही मोठा आहे, त्याला या १८६० ची गरज नाही. बुटटाउन भागात येमेनी आणि सोमाली खलाशांची वस्ती होती, शेख अब्दुल्ला अली अल हकिमी १९३० च्या दशकात तिथे आले, पील स्ट्रीटवर मशीद झाली, ती १९४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात पडली आणि युद्ध चालू असतानाच १९४३ मधे पुन्हा उभी केली, त्यासाठी कलोनियल ऑफिसने, म्हणजे वसाहतींच्या सरकारी खात्याने पैसे दिले. भर युद्धात सरकार खलाशांच्या मशिदीला पैसे देतं, कारण त्या खलाशांशिवाय मालाची जहाजं हलणार नव्हती.

लिव्हरपूलचं म्हणणं मात्र खरं आहे. विल्यम क्विलियम नावाचा वकील, १८८७ मधे मोरोक्कोला जाऊन आला आणि मुसलमान झाला, नाव घेतलं अब्दुल्ला. १८८९ च्या ख्रिसमसच्या दिवशी त्याने ब्रूम टेरेसवरच्या आठ नंबरच्या घरात मशीद सुरू केली आणि त्या दिवशी गावातल्या गरीब मुलांना जेवू घातलं. नंतर तिथे शाळा, अनाथ मुलांसाठी मदिना होम, द क्रेसेंट नावाचं साप्ताहिक, सगळं. तुर्कस्तानच्या सुलतानाने त्याला ब्रिटिश बेटांचा शेख उल इस्लाम, म्हणजे मुसलमानांचा धर्मप्रमुख नेमला. लोकांनी दगड मारले, चिखल फेकला, तरी शेकडो इंग्रज बायका-पुरुष त्याच्या हातून मुसलमान झाले. १९०८ मधे तो अचानक देश सोडून गेला आणि सगळं विस्कटलं. पुढे त्या घरात कौन्सिलचं जन्ममृत्यू नोंदणी ऑफिस होतं, कितीतरी दशकं! मागच्या नमाजाच्या हॉलचा वापर दप्तर ठेवायला. आता डागडुजी करून २०१४ पासून तिथे परत नमाज होतो.

म्हणजे घरात सुरू झालेली लिव्हरपूलची, आणि पायापासून मशीद म्हणून बांधलेली वोकिंगची. साल दोन्हीकडे एकच.

—

खाडीकाठचा:

सरेकर, आमच्या माणसांचं नाव घेतलंत म्हणून खास लॉगिन करून लिहितोय. मी दाभोळ खाडीच्या बाजूचा, कोकणी मुसलमान. आमच्या घरात आजोबा आणि त्यांचे भाऊ पी अँड ओच्या बोटींवर होते, आजोबा शेवटी सारंग (खलाशांचा मुकादम) होऊन उतरले. आमच्या गावांत तेव्हा प्रत्येक घरातला एक तरी माणूस बोटीवर असायचाच. मुंबईहून भरती व्हायची, डेकवर आमचे कोकणचे आणि गुजरात किनाऱ्याचे लोक, खाली इंजिनखान्यात पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि वर प्रवाशांच्या सलूनमधे, किचनमधे गोंयकार. तीन मजल्यांवर तीन मुलुख. सारंगाच्या हाताखाली टंडेल आणि त्याखाली खलाशी, आणि भरती सारंगच करायचा त्यामुळे एका बोटीवर एकाच दोन गावांतली माणसं निघायची.

आजोबा सांगायचे की टिलबरीला, लंडनच्या गोदीत, बोट लागली आणि मधे शुक्रवार आला की गोदीतच कुठेतरी आडोशाला सतरंज्या टाकून नमाज व्हायचा, बोटीवरचाच कोणी शिकलेला माणूस पुढे उभा राहायचा. मशीद वगैरे काही नाही. कोणी वारला तर काय करायचं ही मोठी काळजी असायची, दफन नीट होईल का, जनाजा पढणारं कोणी भेटेल का. त्यांच्या लेखी मशिदीचं महत्त्व नमाजापेक्षा मयतीसाठी जास्त होतं, हे मला लहानपणी विचित्र वाटायचं, आता समजतं.

—

सरेकर:

@खाडीकाठचा, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे, मनापासून आभार. मयतीचा मुद्दा अगदी खरा, त्याच्यावरून इथल्या सरकारलाही हलावं लागलं होतं, ते सांगतो.

आधी खलाशांचं. लस्कर म्हणत त्यांना इथे. गोऱ्या खलाशाला मिळायचा त्याच्या काही हिश्श्याइतकाच पगार, आणि परत जायची बोट मिळेपर्यंत लंडनच्या थंडीत रस्त्यावर. माणसं अक्षरशः उपासमारीने आणि गारठ्याने मरायची. त्यावरून बोंब झाल्यावर १८५७ मधे लाइमहाउसला वेस्ट इंडिया डॉक रोडवर आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी एक वसतिगृह उघडलं, त्याला पंजाबच्या दुलीपसिंग महाराजांनीही देणगी दिली होती. चालवणारे मिशनरी, त्यामुळे छप्पर मिळालं पण सोबत उपदेशही. ब्रिटनमधल्या मुसलमान वस्तीची सुरुवात अशा गोदीच्या गल्ल्यांमधे आहे, लंडन, कार्डिफ, लिव्हरपूल, साउथ शील्ड्स, ग्लासगो. साउथ शील्ड्सला येमेनी खलाशांच्या खाणावळींमधेच एक खोली नमाजाला ठेवलेली असायची. तिथे पुढे अल अझर मशीद झाली आणि १९७७ मधे मुहम्मद अली, हो तोच बॉक्सर, बायकोला घेऊन तिथे निकाहासाठी दुआ घ्यायला आला होता, सगळं गाव रस्त्यावर!

आता मयतीचं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधे जखमी झालेले हिंदुस्थानी सैनिक ब्रायटनला आणले, तिथल्या रॉयल पॅव्हेलियनमधे हॉस्पिटल केलं होतं. हिंदू आणि शीख सैनिक गेले त्यांचं दहन टेकडीवर केलं, तिथे आज त्यांचं स्मारक म्हणून बांधलेली छत्री आहे. मुसलमान सैनिकांना वोकिंगला आणत. जर्मनांनी प्रचार सुरू केला की इंग्रज मुसलमान सैनिकांना धर्माप्रमाणे पुरत नाहीत, त्याचा धसका घेऊन सरकारने वोकिंगच्या हॉर्सेल कॉमनवर त्यांच्यासाठी वेगळं कब्रस्तान बांधलं, चारी बाजूला विटांची भिंत आणि घुमटाचा दरवाजा. १९६० च्या दशकात नासधूस व्हायला लागली म्हणून कबरी ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या आणि ही जागा ओस पडली. २०१५ मधे तिथे शांतीची बाग केली, २७ सैनिकांसाठी २७ भूर्ज लावलेत, हिमालयातल्या जातीचे. वोकिंग स्टेशनवरून चालत जाता येतं.

आणि मुंबईकरांसाठी एक खास. १९१० मधे लंडनमधे मशीद व्हावी म्हणून लंडन मॉस्क फंड निघाला, पुढाकार कलकत्ता हायकोर्टाचे माजी जज सय्यद अमीर अली यांचा, सोबत आगाखान. पुढे याच फंडाच्या कारभारात लॉर्ड लॅमिंग्टन होता. तोच, मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या नावाचा लॅमिंग्टन रोड. (१९४० मधे उधमसिंगांनी कॅक्स्टन हॉलमधे ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा जखमी झालेल्यांमधेही तो होता.) फंडाकडे मोठी मशीद बांधण्याइतके पैसे कधी जमलेच नाहीत, तीस वर्षं शुक्रवारच्या नमाजासाठी भाड्याचे हॉल घेत राहिले, आणि शेवटी १९४१ मधे कमर्शियल रोडवर ओळीतली तीन घरं घेऊन ईस्ट लंडन मशीद सुरू केली. बॉम्ब पडत होते त्या काळात. तिथे येणारे मुख्यतः खलाशी, फेरीवाले आणि हॉटेलांच्या किचनमधले कामगार. आजची व्हाइटचॅपल रोडवरची मोठी इमारत १९८५ ची. फंडाचे आणखी एक ट्रस्टी अब्दुल्ला युसुफ अली, शिक्षण मुंबईत, मग केंब्रिज आणि आयसीएस. त्यांचं कुराणाचं इंग्रजी भाषांतर जगभर वाचलं जातं आणि हा माणूस १९५३ च्या डिसेंबरात लंडनमधे निराधार अवस्थेत गेला. माझ्या मनाला हे फार लागतं.

—

वऱ्हाडातला:

आमच्या वऱ्हाडाचा बी एक धागा जोडतो. निजामाच्या थोरल्या पोराला, आझम जाहला, १९३६ पासून प्रिन्स ऑफ बेरार असा किताब होता, बेरार म्हणजे आमचं अकोला अमरावती यवतमाळ बुलढाणा. त्याच्या हातून १९३७ मधे लंडनमधे एका मशिदीची कोनशिला बसवली होती, पैसे निजामाचे, म्हणून नाव निजामिया. पुढं त्याचं काय झालं ते सरेकर भाऊ तुमीच सांगा.

—

सरेकर:

@वऱ्हाडातला, जबरदस्त! हो, तो पैसा लॉर्ड हेडली नावाच्या मुसलमान झालेल्या इंग्रज सरदाराने हैदराबादला जाऊन मिळवला होता. वेस्ट केन्सिंग्टनला जागा घेतली, कोनशिलाही बसली पण मशीद काही झाली नाही, आणि तो निधी पुढे लंडनच्याच रीजंट्स पार्कमधल्या मशिदीच्या कामाकडे वळला.

रीजंट्स पार्कची गंमत म्हणजे जागा ब्रिटिश सरकारने दिलीये. १९४० मधे चर्चिलच्या मंत्रिमंडळाने जागेसाठी एक लाख पौंड मंजूर केले, कारण साम्राज्यात ख्रिश्चनांपेक्षा मुसलमान जास्त होते आणि हिंदुस्थानी मुसलमान सैनिक त्यांच्यासाठी लढत होते, आणि राजधानीत त्यांना एक धड मशीद नाही ही लाज वाटण्यासारखी गोष्ट होती. त्याआधी कैरोत अँग्लिकन कॅथेड्रलसाठी जागा मिळाली होती, त्याची परतफेडही होती. १९४४ मधे सहाव्या जॉर्जने इस्लामिक कल्चरल सेंटरचं उद्घाटन केलं. पण मशीद उभी राहायला १९७७ उजाडलं, डिझाइनच्या स्पर्धेनंतर फ्रेडरिक गिबर्डने केली, ज्याने लिव्हरपूलचं गोल कॅथलिक कॅथेड्रल केलं तोच. म्हणजे १९१० ला ठराव आणि १९७७ ला घुमट.

—

यॉर्कशायरवाली:

राजे-बेगमा-लॉर्ड सगळं वाचलं, छान आहे, पण मी ब्रॅडफर्डला राहते आणि इथल्या मशिदींचं कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. इथे पहिली मशीद १९५९ ची, हॉवर्ड स्ट्रीटवर, साधं ओळीतलं घर. त्या वेळी इथे लोकरीच्या गिरण्या चालू होत्या आणि रात्रपाळीला गोरे येईनात म्हणून पाकिस्तानातून, जास्त करून मीरपूर भागातून माणसं आली. त्यांच्याकडे मंगला धरणात शेकडो गावं गेली तेव्हा अजून आली. आपल्या कोयनेच्या नाहीतर उजनीच्या धरणग्रस्तांना विचारा धरणाने उठणं काय असतं. सुरुवातीला सगळे पुरुष, एका खोलीत आठ-दहा जण, दिवसपाळीचा उठला की त्याच गादीवर रात्रपाळीचा झोपायचा, चार वर्षांत पैसे जमवून परत जायचं म्हणून मशीद बांधायचा विचार कोण करणार. १९६२ मधे सरकारने कायदा करून येणं अवघड केलं, तेव्हा आता दार बंद होतंय म्हणून लोकांनी बायकामुलं बोलावून घेतली. आणि मुलं आली की त्यांना कुराण कोण शिकवणार हा प्रश्न आला! म्हणून मशिदी निघाल्या. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या चाचांनी मला हे सांगितलं, ते स्वतः गिरणीत होते आणि पगारातून दर आठवड्याला चंदा द्यायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला अशीच एक मशीद आहे, दोन घरं मधली भिंत पाडून जोडलेली. बाहेरून बघाल तर एक हिरवी पाटी आणि दाराशी चपला, बाकी काही कळत नाही. आत गेलं की गालिच्यावरच्या रेघा तिरक्या, खोलीच्या भिंतीला समांतर नाहीतच, कारण मक्का इथून आग्नेयेला आणि रस्ता इंग्रजांनी त्यांच्या सोयीने काढलेला. मग सगळे तिरके उभे राहतात आणि दोन कोपरे रिकामे राहतात, तिथे कुराण ठेवायची शेल्फं आणि हीटर. जिथे पूर्वी घराचं मागचं किचन असणार तिथे आता वजू करायला (नमाजाआधी हातपाय धुवायला) नळांची रांग. फायरप्लेस अजून तशीच आहे, वर भिंतीवर नमाजाच्या वेळा दाखवणारं लाल आकड्यांचं डिजिटल घड्याळ. शाळा सुटली की पाच वाजता टोप्या आणि स्कार्फ घालून पोरं पळत येतात, अंगावर फुटबॉलचे टीशर्ट. जूनमधे इथे सूर्यच साडेनऊच्या सुमारास मावळतो त्यामुळे ईशाची, म्हणजे दिवसातली शेवटची नमाज रात्री अकराच्या पुढे जाते, ते लोक सकाळी परत पहाटेच्या नमाजाला आणि मग कामावर.

एक गोष्ट मात्र बोलणारच. या घरांतल्या बऱ्याच मशिदींमधे बायकांना जागाच नव्हती आणि काही ठिकाणी अजून नाहीये. गिरणीतल्या पुरुषांनी पुरुषांसाठी काढल्या हे कारण समजतं, पण ते कारण साठ वर्षं पुरत नाही. माझ्या मुस्लिम मैत्रिणी स्वतःच याबद्दल भांडतायत, कमिटीवर बायका घ्या म्हणून, आणि त्यांचं बरोबर आहे.

—

मोगरा:

+१ यॉर्कशायरवाली ताई, शेवटच्या मुद्द्याला तर +१००. आपल्या मंडळांच्या कमिट्या आठवल्या.

—

इतिहासवेडा:

सगळं चांगलं चाललंय पण एक अडचणीचा प्रश्न विचारतो, राग मानू नका. लंडनची फिन्सबरी पार्क मशीद, तिथला जहाल इमाम अबू हमजा, हे पण इतिहासातच आहे ना? ते सोडून दिलं तर धागा एकतर्फी होईल.

—

सरेकर:

राग कसला, विचारलाच पाहिजे. फिन्सबरी पार्कची मशीद १९९४ मधे उघडली, १९९७ पासून अबू हमजा तिथे इमाम झाला आणि त्याच्या टोळीने मशीद जवळजवळ बळकावली. ट्रस्टींनी कोर्टात धाव घेतली, नमाजाला येणाऱ्या साध्या लोकांना दमदाटी व्हायची. २००३ मधे पोलिसांनी छापा घातला, मशीद बंद झाली, २००५ मधे नवीन ट्रस्टींनी ताब्यात घेतली आणि तिचं पूर्ण रूप बदललं. अबू हमजाला इथे शिक्षा झाली आणि नंतर अमेरिकेत जन्मठेप. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि सगळ्यात आधी त्रास झाला तो तिथल्याच मुसलमानांना.

त्याच भागात १९ जून २०१७ च्या रात्री, रमजानमधे, नमाजहून निघालेल्या लोकांवर एकाने व्हॅन घातली. एक माणूस गेला. चिडलेल्या जमावाने व्हॅनवाल्याला पकडलं तेव्हा इमाम मोहम्मद महमूद मधे पडले आणि पोलीस येईपर्यंत त्याला कोणाला हात लावू दिला नाही. अबू हमजाबद्दल सांगायचं तर हेही त्याच दमात सांगायला हवं, इतिहासात दोघंही आहेत.

आणि साउथपोर्ट २०२४. तीन लहान मुलींचा खून झाला, खुन्याबद्दल खोटी माहिती पसरली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमावाने तिथल्या मशिदीवर विटा फेकल्या, तिचा खुनाशी काडीचा संबंध नसताना. सकाळी गावातले गवंडी स्वतःची अवजारं घेऊन आले आणि पडलेली भिंत फुकट बांधून दिली. रस्त्यावरच्या काचा झाडायला शेजारी झाडू घेऊन आले. मला स्वतःला या देशाचा हा चेहरा खरा वाटतो.

—

खाडीकाठचा:

साउथपोर्टच्या आठवड्यात आमच्या मामांच्या मशिदीबाहेर (ब्लॅकबर्न) रात्रभर पोरं जागत होती, आणि शेजारच्या चर्चमधले लोक चहा घेऊन आले होते. लँकेशायरकडे गुजराती जास्त, भरुच-सुरतकडचे, आमचे कोकणी त्यांच्यात थोडे. कापडगिरण्या होत्या म्हणून सगळे तिकडे गेले. मामा सांगतात की पहिली वर्षं नमाज मजुरांच्या भाड्याच्या खोलीत, मग घर, मग पडीक चॅपल घेतलं. मेथडिस्टांची (हा एक प्रॉटेस्टंट पंथ) चॅपलं रिकामी पडत होती आणि आमच्यांना मोठा हॉल हवा होता.

—

पुणेरी_चष्मा:

चर्च घेऊन मशीद केली तर इथल्या लोकांना राग येत नाही का? आणि ब्रिक लेनच्या इमारतीबद्दल लिहा ना कोणीतरी, मी आर्किटेक्चर शिकतोय, आम्हाला ती केस स्टडी म्हणून होती.

—

सरेकर:

राग येणारे असतात. प्लॅनिंगच्या अर्जावर हरकती येतात, वर कारण लिहिलेलं असतं पार्किंग आणि गर्दी. कधी ते खरंच पार्किंग असतं, शुक्रवारी दुपारी गल्लीत गाडी काढता येत नाही हे मीही पाहिलंय, कधी पोटात दुसरंच असतं. पण पुष्कळ ठिकाणी रिकाम्या चर्चचं गोदाम किंवा पब होण्यापेक्षा प्रार्थना चालू राहिलेली बरी असं म्हणणारे पाद्रीही भेटतात.

ब्रिक लेन म्हणजे या सगळ्याचा कळस. फोर्निये स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची विटांची चौकोनी इमारत, १७४३ मधे फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या ह्यूगनॉट ख्रिश्चनांनी चर्च म्हणून बांधली, ते रेशीम विणणारे. मग १८१९ पासून मेथडिस्ट चॅपल. मग १८९८ मधे रशिया-पोलंडकडून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग, ते शिंपीकाम करणारे. आणि १९७६ पासून जामे मस्जिद, बांगलादेशातल्या सिल्हेटचे बंगाली लोक, ज्यांचे वाडवडील कलकत्त्याहून बोटींवर आले आणि जे सुरुवातीला याच भागातल्या कपड्यांच्या कारखान्यांत राबले. चार वस्त्या, धंदा सगळ्यांचा कापडाचा आणि इमारत एकच. बाजूच्या भिंतीवर वर बघाल तर ह्यूगनॉटांचं सूर्यघड्याळ १७४३ या आकड्यासकट अजून आहे, कोणीच काढलं नाही. बाहेर २००९ मधे स्टीलचा मिनारासारखा उंच खांब उभा केलाय, तो मात्र मला फारसा आवडत नाही, त्या साध्या विटांपुढे उगीच चमकतो.

@पुणेरी_चष्मा, २०२१ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या आर्किटेक्चरच्या प्रदर्शनात, लंडनच्या व्हीअँडए म्युझियमने ब्रिटनच्या तीन मशिदींचे भाग हुबेहूब बनवून मांडले होते, ब्रिक लेन, हॅरो आणि ओल्ड केंट रोड. ओल्ड केंट रोडची मशीद आधी पब होता! घुमट-मिनारवाल्या सोडून अशा जुगाड इमारती निवडल्या हे मला फार पटलं, कारण ब्रिटनच्या मशिदींचा खरा इतिहास त्यातच आहे. आणि तोच भराभर नाहीसा होतोय. मोठी मशीद झाली की जुनं घर विकलं जातं, आणि भिंत कोणी पाडली, नळ कोणी बसवले, चंदा कोणी दिला ते सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

—

पुणेरी_चष्मा:

धन्यवाद! आमच्याकडे केंब्रिजची पण होती. २०१९ ची, मार्क्स बारफील्डनी केलेली, लंडन आय करणारे तेच. लाकडाचे खांब वर जाऊन झाडाच्या फांद्यांसारखे फुटतात आणि एकमेकांत गुंततात, त्यातून छताला गॉथिक चर्चचाही भास होतो आणि इस्लामी भूमितीचाही. वर काचेतून उजेड येतो त्यामुळे दिवसा दिवे लावायला लागत नाहीत, हीट पंप, पावसाचं पाणी झाडांना आणि टॉयलेटला. स्टर्लिंग प्राइझ या आर्किटेक्चरच्या मोठ्या पुरस्काराच्या शेवटच्या यादीत होती. आमचे सर म्हणायचे की परदेशातली मशीद उचलून इथे ठेवलेली नाही, इथल्याच मातीतली आहे.

—

सरेकर:

बरोबर बोलले तुमचे सर. आणि तिच्यामागे टिमोथी विंटर आहेत, केंब्रिजचेच प्राध्यापक, अब्दुल हकीम मुराद. म्हणजे पुन्हा एक इंग्रज मुसलमान, क्विलियमच्याच वाटेवरचा. आता स्कॉटलंडचं पण एक सांगतो, अगदी वर लुईस बेटावर स्टॉर्नोवेला २०१८ मधे पहिली मशीद झाली. ते बेट इतकं कडक ख्रिश्चन की रविवारी जवळजवळ सगळं बंद असायचं. तिथे पाकिस्तानी कुटुंबं कित्येक दशकांपासून, दारोदार कपडे विकायला आलेली, दुकानं टाकली, तिथली गेलिक भाषा बोलायला शिकली. पडक्या इमारतीची डागडुजी करून रमजानच्या आत मशीद तयार केली, गावातल्या ख्रिश्चनांनीही मदत केली.

—

मोगरा:

मला आणि माझ्या सासूबाईंना वोकिंगला जायचंय, त्या भारतातून आल्यात. बिगर मुस्लिम बायकांनी गेलेलं चालतं का? आधी कळवावं लागतं का?

—

यॉर्कशायरवाली:

चालतं गं, बिनधास्त जा. आधी फोन किंवा ईमेल केलेलं बरं, मग कोणीतरी दाखवायला थांबतं. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका. डोक्यावर ओढणी असू दे, मोजे घाला कारण चपला बाहेर. २०१५ पासून वर्षातून एकदा देशभरातल्या बऱ्याच मशिदी सगळ्यांसाठी उघड्या ठेवतात, व्हिजिट माय मॉस्क म्हणून, तेव्हा गेलात तर समोसे खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

—

सरेकर:

@मोगरा, आणि वेळ असेल तर पुढचंच स्टेशन ब्रुकवुड, तिथली मोठी दफनभूमी बघा. क्विलियम, लाइटनर, अमीर अली, युसुफ अली सगळे तिथेच आहेत. पारशांचाही वेगळा भाग आहे, जमशेटजी टाटांची समाधी त्यातच. चालायचे बूट घाला, आवार फार मोठं आहे आणि गवत कायम ओलं असतं, सासूबाईंना जमेल तेवढंच करा.

@खाडीकाठचा, तुमच्या मामांकडे जुन्या कमिटीची वही, चंद्याच्या पावत्या, फोटो असं काही असेल तर कृपा करून स्कॅन करून ठेवा. तिथल्या काउंटीच्या अभिलेखागारात विचारून बघा, असे कागद जपून ठेवतात.

—

खाडीकाठचा:

कालच फोन केला होता मामांना. पावत्यापुस्तकं आहेत म्हणाले, माळ्यावर, सुरुवातीची हिशेबाची वही उर्दू आणि गुजरातीत मिळून लिहिलेली आहे. आजोबांचं खलाशी बुक आमच्याकडे गावाला आहे, त्यात बोटींची नावं आणि तारखा शिक्क्यांसकट आहेत. मे महिन्यात गावी जाणार आहे तेव्हा फोटो काढून याच धाग्यावर टाकतो. कोणाला जुनी गुजराती मोडकीतोडकी वाचता येत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.